डाव्या हाताचं दार

संगप्पा टांगेवाल्याला आयुष्यात दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, आपली घोडी हरणी आपलं ऐकते. दोन, आपला थोरला भाऊ पंचाक्षरी जे म्हणेल त्याच्या उलट वागलं की माणूस चुकत नाही. चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला घाणा गल्लीच्या मधोमध दगड मांडले गेले, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अंगावर आल्या.

घाणा गल्ली हे सोलापुरातलं काही फार मोठं प्रकरण नव्हे. पूर्वी तिथं तेलाचा घाणा होता. तो गेला, नाव राहिलं. दोन्ही बाजूंना बैठी घरं, दारात कट्टे, आणि रुंदी एवढीच की दोन बैलगाड्या शेजारून निघाल्या तर गाडीवानांनी एकमेकांच्या चंचीतली तंबाखू खुशाल घ्यावी. स्टेशनाकडून बाजारात जायला ही आडवाट बरी पडते असा शोध एका ट्रकवाल्याला लागला. त्यानं तो दुसऱ्याला सांगितला. मग सुताच्या गाठी लादलेले ट्रक गल्लीतून धुरळा उडवत धावायला लागले. एके दिवशी मथुराबाईंची नात कट्ट्यावरून उतरायला आणि ट्रक यायला एकच गाठ पडली. पोरगी वाचली, पण तिच्या हातातली पितळी कळशी चाकाखाली जाऊन भाकरीसारखी चपटी झाली. मथुराबाईंनी ती कळशी दाराला टांगून ठेवली. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला कळशी बघावी लागे.

दगडांची कल्पना निघाली ती धोंडीरामांच्या डोक्यातून. धोंडीरामांचा जन्म होटगी जंक्शनात सिग्नल पाडण्यात गेला होता. निवृत्त होऊन गल्लीत राहायला आले तरी डोक्यातली रेल्वे काही उतरली नव्हती. ते म्हणाले, "रुळांना अप आन् डाऊन असतंय, तर मग गल्लीला का नको? येणाऱ्यानं डावीकडनं यावं, जाणाऱ्यानं त्याच्या डावीकडनं जावं. मधी दगड टाका. तोंडाशी जरा वाकडी वाट ठेवा. बघू कुठला ट्रक उधळतोय त्ये!" दुष्काळी कामावर फोडलेले भले थोरले दगड नाहीतरी गावाबाहेर बेवारशी पडलेच होते. महापालिकेच्या ओव्हरसियरसाहेबांना कल्पना पटली. दगड आले, त्यांना चुना फासला, आणि मधोमध रांग लागली. साहेबांनी मात्र एक पाचर मारून ठेवली. हे सगळं तूर्त चाचणीपुरतं. पाडव्याच्या आत आपण येऊन बघू. गल्लीतल्या लोकांची सगळी वाहनं नीट जात असतील तर दगड राहतील, एखाद्याचंही अडत असेल तर निघतील.

झालं! त्या दिवसापासून घाणा गल्लीत लिंगायत, मराठा, पद्मशाली असं काही उरलं नाही. जग दगडवाले आणि बिनदगडवाले असं दुभंगलं. एका घरात सासू दगडवाली आणि सून बिनदगडवाली, अशीही फाटाफूट झाली, पण तिथं निमित्तच हवं होतं.

बिनदगडवाल्यांचा म्होरक्या पंचाक्षरी. गल्लीत शिरताना डाव्या हाताला अगदी पहिलं घर त्याचं, आणि त्यातच त्याचं शेंगापेंडीचं दुकान. पोती उतरवायला गाडी दारात उभी राहिली की दगडांमुळं मागची सगळी वाट तुंबायची आणि लोक पंचाक्षरीच्या नावानं शंख करायचे. म्हणून त्याला दगड नको होते. आणि पंचाक्षरीला नको होते म्हणून संगप्पाला हवे होते. कारण दगडांत नव्हतं.

कारण होतं त्यांच्या अव्वात, म्हणजे आईत. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडील टांगाच हाकायचे. ते गेल्यावर टांगा धाकट्याकडे आला, घर थोरल्याकडे राहिलं आणि अव्वाही तिथंच राहिली. संगप्पानं गल्लीच्या आतल्या टोकाला उजव्या हाताला दोन खोल्या घेतल्या. ऊठबस चांगली होती. एक दिवस संगप्पा लग्नाचं वऱ्हाड घेऊन होटगीला गेला आणि इकडे अव्वानं डोळे मिटले. निरोप धाडला, पण निरोप्या एका रस्त्यानं गेला आणि संगप्पा दुसऱ्या रस्त्यानं आला. दिवे लागायच्या वेळी तो दारात पोचला तेव्हा अव्वाला लिंगायत रीतीप्रमाणं मातीत बसवून मंडळी अंघोळ करून परतलीसुद्धा होती. संगप्पा टांग्यातून खाली उतरला नाही. भर गल्लीत ओरडला, "मला माज्या अव्वाचं तोंड बघू दिलं न्हाईस. आता मी तुज्या दाराचं तोंड बघणार न्हाय. सिद्धरामाची आण!"

माणसं रागात पुष्कळ बोलतात आणि दसऱ्याला पुन्हा सोनं द्यायला जातात. संगप्पा गेला नाही. सोलापूरच्या दगडासारखा माणूस, तापला की लवकर निवायचा नाही. गल्लीत शिरताना तो उजवा लगाम ओढायचा, टांगा उजव्या अंगानं काढायचा आणि स्वतःचं तोंडही उजवीकडे फिरवायचा. रोज. शाळेच्या पोरी आणताना, बाजार करून येताना, तापानं फणफणलेला असतानासुद्धा. पहिल्या वर्षी त्यात राग होता. नंतर नंतर राग कुठं गेला ते कळलंही नाही, नुसती मान वळायची राहिली. बायको चंद्रव्वानं मधे कधी भावजींचं नाव काढलं तर तो जेवतं ताट सरकवायचा, म्हणून तिनं नाव काढणं सोडलं होतं.

दगड मांडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी संगप्पा सकाळच्या शाळेच्या पोरींना घेऊन मोठ्या ऐटीत गल्लीच्या तोंडाशी आला. दगडवाला या नात्यानं पहिला मान आपला, असं त्याच्या मनात होतं. त्यानं डाव्या वाटेकडे लगाम दिला. हरणी थांबली. "नडी, नडी," तो म्हणाला. हरणीला मराठी 'चल'पेक्षा कानडी 'नडी' जास्त कळायचं. हरणीनं कान मागं घेतले आणि उजवीकडे मुसंडी मारली. समोरून कलिंगडांची हातगाडी येत होती. हातगाडीवाला त्याच्या डाव्या बाजूनं नियमानं येत होता आणि त्याला नियम पाळायची नवी नवी हौस होती, त्यामुळं तो हटेना. मागं सायकली, त्यामागं ट्रक. पोरी खिदळत होत्या. शेवटी संगप्पानं घोडी सोडून टांगा हातानं मागं ओढला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. समजुतीनं झालं, गुळानं झालं, चाबूक हवेत वाजवून झाला. हरणी त्या तोंडाशी आली की पाय रोवायची आणि उजवीकडे मान टाकायची. संगप्पा टांगा बाहेर उभा करून पोरींना दारोदार पायी सोडू लागला. रात्री वाट मोकळी झाली की हरणीला उजव्या अंगानंच घरी आणायचा. दोन दप्तरं डाव्या खांद्यावर, दोन उजव्या, आणि वर उन्हाचा तडाखा. आयांनी चार दिवस सोसलं. मग मथुराबाईंनी स्पष्टच सांगितलं, "आवो संगप्पा, पोरी चालवतच आणायच्या तर टांगा कशाला? आमी दुसरं काय तरी बघतो बगा." शाळेच्या पोरी हाच संगप्पाचा बारमाही धंदा. तो गेला की टांगा गेला, आणि टांगा गेला की हरणीला बाजाराच्या दिवशी दावणीला उभं करायचं. म्हातारी व्हायला आलेली घोडी घेणार कोण आणि कशासाठी घेणार, हे त्याला चांगलं माहीत होतं.

आणि घोडी का अडते, हे काही केल्या कळेना. पांढऱ्या दगडांना बुजते असं त्यानं ठरवलं. मग त्यानं त्यातले दोन दगड शेणानं सारवले. हरणीनं शेणाच्या दगडांकडेही तसंच बघितलं.

गल्लीला मात्र कारण कळलं होतं. धोंडीराम एका संध्याकाळी कट्ट्यावर बोलले, आणि संगप्पाला ऐकू जाईल अशा बेतानं बोलले. "घोडं कशाला बुजतंय? रक्ताची ओढ हाय ती. भावासाठी दगड निघावं म्हणून ह्यो लगाम ओढतोय. वरनं आमच्यात, आतनं थोरल्या अण्णाकडं!"

संगप्पा चिडून उठला. आपण आणि अण्णाकडे? उलट दुसऱ्या दिवशी बिनदगडवाल्यांपैकी एकानं त्याला बाजारात गाठून पानाचा विडा दिला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "शेवटी भाऊ तो भाऊच की रं!" धोंडीरामांची शिवी परवडली, पण हा विडा त्याच्या घशाखाली उतरेना. ज्याचं नुकसान व्हावं म्हणून दगडवाला झालो त्याचाच फायदा आपली घोडी करून देतेय. मग घोडी कुणाची, आणि आपण कुणाकडचे? तो एकटा असला की दोन्ही तळहात उघडून बघायचा. मीच ओढतो का लगाम? ओढत असेन तर मला कसं कळत नाही? सगळी गल्ली एक सांगते, हात दुसरं सांगतात, घोडी तिसरंच. अशानं माणसाला वेड लागायचं.

साहेब यायच्या आदल्या दुपारी तो दारात डोकं धरून बसला होता. चंद्रव्वा शेंगा फोडत होती. तिच्यापुढंच गल्लीतल्या दगडांच्या रांगेतला शेवटचा दगड होता, आणि त्या दगडाला हरणी निवांत मान घासत उभी होती.

"आवो, हिकडं बगा जरा," चंद्रव्वा म्हणाली. "तुमी म्हणता ही दगडाला भेतीया. मग ह्ये काय करतीया?"

संगप्पानं बघितलं. हरणी डोळे मिटून दुसऱ्या बाजूनं मान घासायला लागली. चुना तिच्या आयाळीला लागला होता.

"मग कशाला भेतीया?"

चंद्रव्वानं सूप खाली ठेवलं. "मी सांगू? ताट सरकवणार न्हाईसा ना?"

"ताट कुटं हाय हितं? सांग."

"ती भेत न्हाय. ती तुमची आण पाळतीया. गाडीला लागली तवापास्नं त्या दारापाशी तुमी तिचं तोंड फिरवलं. तिला काय ठाऊक अव्वा गेली का भाऊ भांडलं? हितं डावीकडं बघायचं न्हाय, एवढं तिला शिकवलंसा, ते ती शिकली. तुमच्यापरीस नेटानं पाळतीया बिचारी."

संगप्पा उठून हरणीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "येडी हायस." पण आवाजात जोर नव्हता. चंद्रव्वानं सूप उचललं आणि पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. तिला सांगायचं होतं ते तिनं सांगितलं होतं.

आता बघा कसा पेच पडला. हरणीला डावीकडून न्यायचं तर आधी संगप्पानं डावीकडे बघायला हवं. ती त्याच्या मानेबरोबर मान फिरवते. म्हणजे अण्णाला हरवायचं तर अण्णाच्या दाराकडे तोंड करायचं. आणि आण पाळायची तर अण्णा जिंकणार, पोरी जाणार, हरणी जाणार. सिद्धरामाच्या नावानं घेतलेली आण मोडायची, तीसुद्धा अण्णाच्या दारातच! मोडू की पाळू, हेच त्याला उमगेना. सकाळी त्यानं हरणीला खरारा केला, आयाळीचा चुना धुतला, देवासमोर उभा राहिला आणि काहीच न मागता बाहेर पडला. काय मागायचं ते ठरलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी ओव्हरसियरसाहेबांना खुर्ची दिली होती. एका अंगाला धोंडीराम आणि दगडवाले, मथुराबाई चपटी कळशी घेऊन. दुसऱ्या अंगाला पेंडीच्या दुकानासमोर बिनदगडवाले. सायकली गेल्या, हातगाडी गेली, बैलगाडी गेली. राहिला टांगा.

हरणी वाकड्या वाटेपर्यंत आली आणि तिनं पाय रोवले. बिनदगडवाल्यांत खसखस पिकली. धोंडीराम ओरडले, "लगाम बगा सायेब, लगाम बगा त्याचा!"

संगप्पाच्या अंगाची लाही लाही झाली. त्यानं लगाम हरणीच्या पाठीवर टाकला, खाली उडी मारली आणि दोन्ही हात वर करून सगळ्यांना दाखवले. "घ्या! ह्ये माजं हात. हाय का लगाम?" हरणी हलली नाही. तिनं मान उजवीकडे टाकली होती आणि एका डोळ्यानं ती संगप्पाकडे बघत होती. सगळ्या गल्लीत तेवढी एकटीच त्याच्याकडे संशयानं बघत नव्हती. ती फक्त वाट बघत होती, नेहमीसारखं तोंड फिरव म्हणून.

त्या डोळ्यानं संगप्पाचं काळीज हललं. तो तिच्या डाव्या बाजूला गेला, तोंडावरची मोहरकी धरली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान डावीकडे वळवली. मान दुखली. खरंच दुखली.

"नडी, हरणी."

हरणीनं एक पाय उचलला. मग दुसरा. ती वाकडी वाट ओलांडून पंचाक्षरीच्या दारापर्यंत आली आणि तिथं थांबली. दगडवाल्यांनी टाळ्या वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले.

दाराशेजारी कट्ट्याला लागून वडिलांच्या वेळची दगडी डोणी होती. वडील टांगा सोडून घोड्याला तिथं पाणी दाखवायचे. संगप्पाला वाटलं होतं, ती कधीच फुटून गेली असेल. डोणी काठोकाठ भरलेली होती. हरणीनं नाक खाली नेलं, एकदा फुरफुरली आणि पाणी प्यायला लागली.

"गेला का टांगा?" साहेबांनी विचारलं.

"गेला की!" धोंडीराम म्हणाले.

"कुटं गेला? थांबलाय!" बिनदगडवाले म्हणाले.

"प्यायला थांबलाय, अडलेला न्हाय!"

"थांबला म्हंजे थांबला!"

साहेबांनी कपाळ पुसलं. असल्या टांग्याचं काय करायचं याचा नियम त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी टोपी काढली, परत घातली आणि मथुराबाईंनी पुढं केलेल्या कळशीकडे उगाचच बघत बसले. दोन्ही बाजूंचे लोक आता साहेबांना सोडून एकमेकांशी भिडले होते.

पंचाक्षरी कट्ट्यावर उभा होता. किती म्हातारा झाला होता! कानावरचे केस पांढरे झालेले, पाठीला पोक. एकाच गल्लीत राहून भाऊ म्हातारा झालेला संगप्पाला कळलाच नव्हता. बोलायचं म्हणून तो बोलला, "डोणी भरलीया."

"रोज भरतो."

"गाडीच्या बैलांसाठी?"

"समदे तसंच समजत्यात." पंचाक्षरीनं पायरी उतरून पाण्यातली एक काडी काढून टाकली. "अव्वानं सांगितलं व्हतं. त्या दिशी. शेवटाला तेवढंच बोलली बग. 'डोणी भरून ठेव, संग्या होटगीवनं यील, घोडं तानलं आसंल.' भरून ठिवली. तू आलास, उतरला न्हाईस. मग म्या रोजच भरली. दुष्काळात बायकू शिव्या घालायची, तरीबी भरली."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू बघत व्हतास व्हय हिकडं?"

संगप्पा हरणीच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. हाताखाली घोट उतरताना जाणवत होते. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत. हात मोकळा नव्हता. दार तेच होतं. चौकट ठेंगणी, उंबऱ्याला हळद, आत अव्वाची बसायची जागा. त्या दाराचं तोंड बघायला त्याला आयुष्यात अडवणारं कुणीच नव्हतं.

मागं सुताच्या गाठींचा ट्रक येऊन थांबला होता. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला कट्टा, पुढं टांगा. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ टांगेवाले, हटताय का न्हाय?"

संगप्पा वळला नाही.

"थांब की जरा," तो म्हणाला. "घोडं तानलंय."